पिंजणखान्यातला दुसरा साक्षीदार

एक

सन दोन हजार बावीसच्या एप्रिलमधील त्या शुक्रवारी सोलापूरच्या रेल्वे लाइनीमागील एका अरुंद गल्लीत तीन धर्मांचे तीन मोठे दिवस एकदमच उतरले होते. गादीवाले हबीब नदाफ यांच्या घरी रमजानचा रोजा होता. त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे, शवपेट्या बनविणारे सुतार प्रभुदास उजागरे यांचा तो उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होता. आणि समोरच्या माडीवर एकट्यानेच राहणारे निवृत्त रेल्वे गार्ड सॅम्युएल झिराडकर, त्या भागातील एकमेव बेने इस्रायली ज्यू गृहस्थ, यांचा वल्हांडण सण त्याच दिवशी सूर्यास्ताला लागणार होता. कोरोनाची दोन वर्षे सरली होती. मशीद आणि चर्च दोन्ही पुन्हा भरू लागली होती, आणि गल्लीला वाटत होते की आता सर्व काही ठीक होणार.

सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी हबीबसाहेब दिवस कलतानाची असरची नमाज आटोपून, धाकटा मुलगा मोईन यास बरोबर घेऊन, आपल्या पिंजणखान्याचे दार लोटून आत गेले आणि लगेच बाहेर आले. ते ओरडले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "माझा जुबेर."

थोरला मुलगा जुबेर, वय एकोणतीस, कापूस पिंजण्याच्या मशीनपाशी मरून पडला होता. डोक्याची मागची बाजू मशीनच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटली होती. माणसे जमली, आणि तेवढ्यात शेजारच्या छपरातून प्रभुदास उजागरे बाहेर आले. अंगात प्रार्थनेचा पांढरा सदरा होता आणि सदऱ्याची बाही रक्ताने भरली होती. हात जोडून ते म्हणाले, "हबीब, हे माझ्या हातून झालं."

हवालदार रत्नदीप चंदनशिवे तेथे पोहोचला तेव्हा आदल्या दिवशीच्या, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीतील बंदोबस्ताने त्याचे पाय सुजलेले होते. ठाण्यात त्याच्याइतके सुंदर अक्षर कोणाचेही नव्हते, म्हणून प्रत्येक पंचनामा त्याच्याच गळ्यात पडे. त्याने लिहिले: प्रेत उताणे, हात सरळ, चेहरा पश्चिमेकडे, डोळे मिटलेले, जबडा पांढऱ्या मांजरपाटाच्या पट्टीने बांधलेला. शेजारी स्टीलचे एक भांडे आडवे. कापसाच्या ढिगाचा हातभर भाग ओला.

ठाण्यात फौजदार सिद्रामप्पा बिराजदार यांनी प्रभुदासांना समोर बसविले.

"भांडण कशावरनं?"

"माझ्या फळ्या त्यांच्या दाराला टेकून ठेवल्या होत्या. तीन वाजता चर्चमधली भक्ती सुटली, मी घरी आलो. जुबेर बोलला, मी बोललो. मी ढकललं, तो पडला. मी पळून माझ्या छपरात गेलो."

बिराजदार रत्नदीपकडे वळले. "रक्त हाय, कबुली हाय. आपल्यापुढली कबुली कोर्टात चालत न्हाय, म्हणून उद्या रिमांड घिऊ, आन सोमवारी अकराला कबुलीजबाबासाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभा करू. तितं एकदा बोलला की संपलं. सुटलास की रत्नदीप."

प्रभुदासांनी मान खाली घातली आणि शांतपणे म्हटले, "लिहा हवालदार. मीच केलं."

रत्नदीपचा हात थांबला. दहा वर्षांपूर्वी वळसंगच्या भीमा नावाच्या मजुराने विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीत हेच शब्द उच्चारले होते. "लिवा सायेब, म्याच केलं." रत्नदीपने ते सुरेख अक्षरात लिहून घेतले. भीमा तुरुंगातच तापाने गेला. आणि त्याच्यामागे वर्षभराने कळले की चोर दुसराच होता.

दोन

शनिवारी सकाळी जुबेरची माती झाली. दुपारी रत्नदीप एकटाच हबीबसाहेबांकडे गेला. ऊन इतके होते की डांबर चपलेला चिकटत होते. मोईन, वय बावीस, याने डाव्या हाताने सतरंजी पसरली आणि तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ फुटले होते.

"चाचा, दोनच गोष्टी विचारतो," रत्नदीप म्हणाला. "जुबेरचा जबडा तुमी बांधला?"

"न्हाय. मी शिरलो तवा बांधलेलाच होता. डोळे बी मिटलेले. तोंड किबल्याकडं, मक्केच्या दिशेला केलेलं. मला वाटलं, झोपलाय."

"मग कुणी बांधला?"

हबीबसाहेब दाराबाहेर पिंजणखान्याकडे पाहू लागले. रत्नदीपने दुसरा प्रश्न काढला. "मशीनपाशी पाण्याचं भांडं पडलं होतं. कापूस ओला होता."

"पाणी?" म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. "पयल्या रोजाला पिंजणखान्यातला माठ मी सोता उलटा घालतो, हवालदार. ईद झाल्यावर सुलटा. दिवसा तितं पाणी कशाला असंल? मशीन बी बंद. कापसाची भुकटी घशात जाती, म्हणून या महिन्यात आमी इफ्तारीनंतरच पिंजतो."

"प्रभुदासकाकांनी पाणी पिलं असंल?"

"प्रभुदास?" हबीबसाहेब किंचित हसले, आणि ते हसू पाहवेना. "त्याचा बी उपास असतो त्या दिवशी. तीनपर्यंत थेंब न्हाय. मग घरी जाऊन तांदळाची पेज करून पितो. चाळीस वर्सं बघतोय मी त्याला. मी त्याला चिडवतो, तुमचा रोजा एक दिवसाचा, आमचा तीस, हिशोब कर म्हणतो."

"तुमी शुक्रवारी दुपारी कुटं होता?"

"जुम्म्याच्या नमाजीला गेलो ते असरपर्यंत मशिदीतच कुराण वाचत बसलो. मोईन माझ्यापाशी होता."

"कवापासनं?"

"डोळे मिटून बसलो होतो. उघडले तवा बाजूला होता."

भिंतीशी उभा असलेला मोईन सतरंजीची कड पायाने सारखी करू लागला. रत्नदीप उठला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. गल्ली काय म्हणते आहे, हे त्याच्या कानावर आले होते. काही म्हणत होते, हबीबसाहेबांनी म्हाताऱ्या सुताराला माफ करून टाकावे. काही म्हणत होते, कदापि करू नये.

"चाचा, माफ करणार काय तुमी त्यांना?"

"खुनाची माफी द्यायचा हक वारसाला असतो, आमच्यात. बापाला असतो. सजा माग, न्हायतर माफ कर, आन माफ करणं अल्लाहला जास्त आवडतं. पण माफी नावानं द्यावी लागती, हवालदार. काल रातीपासनं दुवाला हात उचलतो, प्रभुदासचं नाव घ्यायला जातो, आन जीभ उचलत न्हाय."

"राग?"

"राग असता तर बरं होतं. पटत न्हाय."

रत्नदीप बाहेर आला. ज्याला आत भीमाचा आवाज ऐकू येतो आहे, त्याला सावलीतही उभे राहवत नाही. त्याने सहज वर पाहिले. समोरच्या माडीच्या ताजा चुना लावलेल्या चौकटीवर, दाराच्या अगदी वर, पाच बोटे पसरलेला एका हाताचा ठसा उमटला होता. तो रक्ताचा होता.

तीन

"ये, वर ये. घाबरू नकोस. मेंढ्याचं आहे," सॅम्युएल झिराडकर दारातूनच म्हणाले. ते एक्याऐंशी वर्षांचे होते, पण पाठ अजून ब्रेकव्हॅनमध्ये उभ्या असलेल्या गार्डासारखी ताठ होती. "आमचे लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटले त्या रात्रीची खूण आहे. या घराला सोड, पुढे जा, असं मृत्यूला सांगणारी. आणि रक्त कोणी आणून दिलं ठाऊक आहे? जुबेरने. शुक्रवारी सकाळी, खाटिकाकडून वाटीत. म्हणाला, आजोबा, हात जपून लावा, गेल्या वर्षी लेंग्यावर सांडलं होतं." त्यांनी चौकटीकडे पाहिले. "खूण माझ्या दारावर लावली, आणि मृत्यू समोरच्या दारात शिरला."

खोलीत भांडी नव्याने कल्हई केलेली होती. कोपऱ्यात एक मोठी चिनीमातीची बरणी होती आणि तिचे तोंड फडक्याने घट्ट बांधलेले होते.

"हे काय?"

"आंबवलेलं सारं आठ दिवस झाकून ठेवायचं. कोकणातली आमची म्हातारी माणसं याला आनाशी, म्हणजे ही आंबटाची बरणी, ढाकायचा सण म्हणत. माझे हात कापतात, म्हणून तेही जुबेरनेच बांधून दिलं."

रत्नदीप वाकला. फडक्याच्या गाठीखाली चिमूटभर कापूस दाबलेला होता.

"हा कापूस कशाला?"

"गादीवाल्यांची सवय. गाठीखाली कापूस ठेवल्याशिवाय त्यांचा हात पुढे जातच नाही. वर झोपणाऱ्याला टोचू नये म्हणून. बरणीवर कोण झोपणार आहे? पण हात ऐकत नाही."

रत्नदीप त्या गाठीकडे पाहत राहिला. तिचे टोक उजवीकडे वळून खाली सारलेले होते. मग त्याने खिडकीकडे पाहिले. तेथून पिंजणखान्याचे दार आणि त्यावरचे उघडे झरोके स्पष्ट दिसत होते.

"गार्डसाहेब, तुमी काल दुपारी या खिडकीत होता."

"होतो."

"तुमी पाहिलं."

म्हातारा खुर्चीत बसला. त्याने काठीची मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली. "ऐक. आमच्या शास्त्रात एका साक्षीदारावर माणसाला शिक्षा होत नाही. दोन लागतात. एकट्याने उठून कुणाचं नाव घेतलं तर ती साक्ष नव्हे, ती बदनामी. एकटा बोलला म्हणून त्यालाच फटके मारल्याची गोष्ट आमच्या जुन्या ग्रंथात आहे."

"आन एखादा माणूस सोताच म्हणाला, मी केलं, तर?"

"तर मुळीच नाही. माणसाचं स्वतःच्या विरुद्धचं बोलणं आम्ही शिक्षेसाठी धरतच नाही. का, ते सांगू? माणूस स्वतःचा सर्वांत जवळचा नातलग आहे. आणि नातलगाची साक्ष चालत नाही. जीव नकोसा झालेला माणूस काहीही कबूल करतो. कुणाच्या प्रेमात असलेला तर त्याहून काहीही."

दहा वर्षांपूर्वी हा मनुष्य ठाण्याच्या बाकावर बसलेला असता, तर भीमा आज वळसंगात जिवंत असता.

"म्हंजे प्रभुदासकाकांनी केलं न्हाय."

"मी काही म्हटलं नाही. मी एकटा आहे." सॅम्युएल उठले आणि त्यांनी दार उघडून धरले. "दुसरा साक्षीदार आण, बेटा. मग मी बोलेन. पण सही मागू नकोस. आज शब्बाथ आहे, आमच्यात लिहायची मनाई असते, आणि उद्याही सणच आहे. लेखणी मी रविवारी चांदण्या दिसल्यावरच धरीन."

"दुसरं कुणी बघितलंच नसंल तर?"

"साक्षीदाराला डोळे असलेच पाहिजेत, असं कुठे आहे?" म्हातारा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

चार

रात्रभर रत्नदीप अंथरुणावर कूस बदलत राहिला. रविवारी सकाळी त्याने मुद्देमालाच्या खोलीची किल्ली मागितली. दवाखान्यातून आलेले जुबेरचे कपडे एका गाठोड्यात होते. त्या कपड्यांत मांजरपाटाची ती पट्टी होती. शवविच्छेदन करणाऱ्याने ती न सोडता बाजूने कापून काढली होती, म्हणून गाठ जशीच्या तशी राहिली होती.

गाठीखाली कापूस होता.

ज्याने कोणी मृताचा जबडा बांधला, त्याने डोक्यावरची गाठ त्या मृताला टोचू नये म्हणून खाली कापूस ठेवला होता. रत्नदीपने गाठ उजेडात धरली. बरणीवरच्या जुबेरच्या गाठीसारखीच होती ती, अगदी तशीच. फक्त टोक डावीकडे वळून खाली गेले होते. जणू तीच गाठ आरशात पाहावी.

त्याने ठाण्याच्या कोठडीपाशी जाऊन प्रभुदासांना हाक मारली. ते गुडघ्यांवर होते.

"काका, एक राहिलं लिवायचं. जुबेरचा जबडा कुणी बांधला?"

"मीच."

"पळालो म्हणालात की."

"परत आलो. उघडं तोंड बघवेना."

रत्नदीपने कांबळ्याची वळकटी आणि एक कोरी पट्टी गजांमधून आत सारली. "मग जशी बांधली तशी हिच्यावर बांधून दाखवा."

प्रभुदासांनी पट्टी घेतली. ते उत्तम कारागीर होते आणि आयुष्यभर त्यांनी शवपेट्यांना दोर बांधले होते. त्यांच्या हातांनी झटकन शवपेटीची चौपदरी गाठ मारली, पक्की आणि चौकोनी. कापूस त्यांनी मागितला नाही. गाठ बांधून झाल्यावर ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना कळले की हवालदाराला कळले आहे.

"तुमच्या सदऱ्यावरचं रक्त खरं हाय," रत्नदीप खाली बसत म्हणाला. "तुमी तितं गेला होता. पण उशिरा. रडणं ऐकून गेला असाल. तवर जुबेर गेलेला होता आन त्याचा जबडा कुणीतरी बांधत होतं. तुमी त्या माणसाला मशिदीत पाठवलंत, बापाच्या बाजूला जाऊन बस म्हणालात. बाही भरवून घेतलीत आन छपरात जाऊन हबीबचाचांची वाट बघत बसलात. खरं का खोटं?"

"शुक्रवारी चर्चमध्ये तीन तास मी ऐकत होतो," प्रभुदास हळू म्हणाले. "ज्याने काही केलं नव्हतं, त्याने सगळ्यांची शिक्षा उचलली. बाहेर आलो, आणि दाराशी हे. मला वाटलं, मला सांगितलेलंच आहे. माझी बायको गेली, मूलबाळ नाही. मी वर्षभरात जाईन नाहीतर पाच वर्षांत. हबीबला दोन मुलगे होते, रत्नदीप. एकाच दुपारी दोन्ही का जावेत?"

"तुमच्या प्रभूनं दुसऱ्याची शिक्षा घेतली, काका. पण ते पाप मीच केलं, असं खोटं सांगितलं न्हाय."

प्रभुदासांनी गज धरले. "तू माझं ऐक. ते लिहिलेलं तसंच राहू दे. तू आता त्या बापाकडे जाणार, आणि त्याच्या हातात काय देणार? आधीच एक कबर खणली त्याने."

रत्नदीपने मुद्देमालातली जुबेरची पट्टी घडी करून खिशात ठेवली. तरी तो निघाला.

पाच

हबीबसाहेब अर्धवट शिवलेली गादी मांडीवर घेऊन बसले होते. दाभण दोन दिवस त्याच टाक्यात अडकलेले होते. मोईन आतल्या खोलीत असावा. रत्नदीपने ती पट्टी त्यांच्या समोर ठेवली.

म्हाताऱ्याने ती उचलली नाही. आधी नुसते पाहिले. मग अंगठ्याने गाठीखालचा कापूस चाचपला, अगदी जसा गादी तपासताना चाचपत असतील तसा.

"ही गाठ माझ्या बापानं मला शिकवली," ते म्हणाले. "मी दोघांना शिकवली. जुबेरची उजवी. माझी उजवी." त्यांचे बोट डावीकडे वळलेल्या टोकावर थांबले. "याला किती मारलं मी ल्हानपणी. उजव्या हातानं बांध म्हणून. ऐकलं न्हाय."

रत्नदीपने वही बंदच ठेवली.

"भांडं कुणाचं होतं, ते बी आता कळलं," हबीबसाहेब म्हणाले. "ज्याचा रोजा होता तो पाणी पिणार न्हाय. ज्याचा उपास होता तो पिणार न्हाय. मग माठ सुलटा करणारा घरातलाच." त्यांनी आवाज चढवला नाही. "मोईन. बाहेर ये बेटा."

मोईन बाहेर आला. पट्टी दिसताच तो बापासमोर खाली बसला.

"मी जुम्म्याला गेलो नव्हतो, अब्बा. लई उकडत होतं. माठ सुलटा करून भरला. एक भांडंच पीत होतो. भाई आला. म्हणाला, बापाला फसवतोस? चल, आताच चल, सगळ्या जमातीपुढं उभा करतो तुला, सगळ्यांना बघू दे. कॉलर धरून वढायला लागला. मी हात झटकला. नुसता झटकला अब्बा. तो ओल्या कापसावर घसरला."

त्याने कपाळ गुडघ्यांवर टेकले.

"पाणी माझंच सांडलं होतं. मी त्याला हाका मारल्या. मग त्याचं तोंड उघडं राहिलं, तर मला... मी बांधलं. प्रभुदासचाचा आले. म्हणाले, तुला काय बी ठाऊक न्हाय, जा, अब्बांच्या बाजूला बस. मी गेलो. मी का गेलो?"

"शुक्रवारपासनं इफ्तारीला पाणी घेतलंस काय?" बापाने विचारले.

मोईनने नकारार्थी मान हलवली. "घशाखाली उतरत न्हाय. उलटतं."

रत्नदीप म्हणाला, "चाचा, तुमच्यात रोजा मोडल्याची सजा काय असती?"

"ती माणसानं द्यायचीच न्हाय, हवालदार. रोजा हा बंद्याचा आन अल्लाहचा मामला. त्याचा हिशोब वर. जुबेर लई नेक पोरगा होता माझा. पण जी सजा त्याची न्हवती ती द्यायला गेला." हबीबसाहेबांनी डोळे पुसले. "जसा प्रभुदास, जी सजा त्याची न्हवती ती घ्यायला गेला."

समोरच्या माडीच्या जिन्यावर काठी वाजली. एक, दोन, थांबून पुन्हा एक. ज्या म्हाताऱ्याचे गुडघे दोन वर्षे जिना उतरले नव्हते, तो खाली येत होता.

सहा

सॅम्युएल झिराडकर दारात उभे राहिले. त्यांनी हबीबसाहेबांसमोरची पट्टी पाहिली, मोईनला पाहिले, आणि रत्नदीपला विचारले, "हाच तुझा दुसरा साक्षीदार?"

"हाच. डोळे न्हाईत त्याला."

"चालेल. आता ऐक. अडीचच्या सुमारास झरोक्यातून मी पाहिलं. थोरल्याने धाकट्याची कॉलर धरली होती. धाकट्याने हात सोडवला. ढकललं नाही. मारलं नाही. थोरल्याचा पाय घसरला. मी वरून ओरडलो, पण माझा आवाज आता गल्ली ओलांडत नाही."

"हे तुमी परवाच सांगितलं असतं तर," रत्नदीपचा स्वर पहिल्यांदाच कडू झाला.

"अपघात म्हणायचं, तरी नाव घ्यावं लागतं. माझ्या एकट्याच्या शब्दावर या पोराचं नाव तुमच्या कागदावर चढलं असतं, आणि मग घसरला की ढकलला, हे कुणी विचारलं नसतं. तू विचारलं असतंस, कदाचित. तुझा साहेब नाही." म्हातारा चौकटीला टेकला. "मी बरोबर केलं, असं मला वाटत नाही. सुतार कोठडीत गेला तेव्हा तर अजिबात वाटलं नाही. काईनाने भावाला मारलं, तेव्हा देवाने त्याच्यावरही खूण केली, कुणी त्याला मारू नये म्हणून. आणि याने तर मारलेलंही नाही. नकळत हातून जीव गेला, तर त्याला आश्रय द्यावा, अशी आमच्याकडे सहा नगरं नेमली होती."

"आमच्यात बी हाय ते, काबील-हाबीलचं," हबीबसाहेब म्हणाले. "भावाला पुरावं कसं, हे त्याला कावळ्यानं शिकवलं." ते पट्टीकडे पाहत होते. "याला शिकवावं लागलं न्हाय."

रत्नदीपने बिराजदारांना फोन लावून सर्व सांगितले.

"म्हंजे सोमवारचं रद्द?"

"रद्द न्हाय साहेब. माणूस बदलला, आन गुन्हा बी बदलला. सुताराला खोट्या कबुलीबद्दल तुमी काय करायचं ते करा, पण त्यांना घेऊन या. हितं त्यांची गरज हाय."

"कोर्टाला माफी-बिफी चालत न्हाय, सांग त्या म्हाताऱ्याला."

"त्यांना ठाऊक हाय."

सूर्य कलंडला तेव्हा जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. फौजदारांमागून प्रभुदास उतरले. घरात शिरताच मोईनला बसलेला पाहून ते भिंतीला धरून उभे राहिले. "काय केलंस रत्नदीप," ते म्हणाले. "मी देत होतो ना. तुम्हाला घ्यायचं नव्हतं का?"

हबीबसाहेब उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षे शेजारी राहिलेली ती दोन माणसे एकमेकांकडे पाहत राहिली.

"तू माझा लेक वाचवत होतास, प्रभुदास. कळतं मला. पण तीन दिवस मी माफी हातात घेऊन बसलो होतो आन समोर कुणीच न्हवतं. तुझं नाव घेऊन कुणाला माफ करू? हा माझ्या बाजूला बसून वाळत चालला होता, आन मला दिसत न्हवतं. तुरुंगात तू गेला असतास. मेला असता हा."

प्रभुदासांनी चेहरा हातांत लपवला. सॅम्युएलनी काठीनेच एक स्टूल त्यांच्याकडे सरकवले. "बस, सुतारा. दोन रात्री कोठडीत काढल्यास तू."

हबीबसाहेब पिंजणखान्यात गेले. आत माठ सरकल्याचा आवाज झाला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेच स्टीलचे भांडे होते. पंचनाम्यात नोंदवून जागेवरच राहिलेले. ते घासलेले होते आणि काठोकाठ भरलेले होते. मोईन त्याकडे पाहून मागे सरकला.

मशिदीतून अजान सुरू झाली.

म्हातारा मुलासमोर गुडघे मोडून बसला. एक थेंबही सांडला नाही. "मोईन, माझ्या जुबेरचा बाप म्हणून सांगतो, तुला माफ केलं. आता तुझा बाप म्हणून सांगतो. कोर्टात जे झालं तेच सांगायचं. एक शब्द कमी न्हाय. सजा दिली तर भोगायची, मी डबा घेऊन येईन." त्याने भांडे मुलाच्या फुटलेल्या ओठांना लावले. "पी."

पहिला घोट बाहेर आला. दुसरा अर्धा उतरला. तिसऱ्याला मोईनने डाव्या हाताने बापाचे मनगट धरले आणि मग तो प्यायला, भांडे संपेपर्यंत.

फौजदार बिराजदार खिडकीबाहेर पाहत होते. रत्नदीपने पिशवीतून शुक्रवारचा कबुलीजबाब काढला, सुंदर अक्षरातला, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. भीमाच्या कागदावर अशी रेघ मारायला आता कोणीही त्याला परवानगी देणार नव्हते. त्याने कोरा कागद घेतला. चांदणी दिसायला अजून थोडा वेळ होता, आणि दारात बसलेला गार्ड आकाशाकडे डोळे लावून हाताने "थांब" अशी खूण करीत होता.

रत्नदीपने गार्डाचा जबाब मागे ठेवला. मग मोईनने विचारले, "कुटनं सांगू?"

"माठ सुलटा केलास तितनं," रत्नदीप म्हणाला, आणि लिहू लागला. त्याचे अक्षर त्या दिवशी प्रथमच वाकडे येत होते.